कुलूप लावलंस, किल्ली कुठे ठेवलीस?

तू आता स्वतःची पाटी लावते आहेस. ताळेबंद कसा वाचायचा हे आत्याने सांगायची गरज नाही. पण ऑफिसातून रोज जे मेल बाहेर पडतात त्यांचं काय करायचं, हे आर्टिकलशिपमध्ये कुणी शिकवत नाही, म्हणून सांगून ठेवते. सीएच्या मेलपेटीत अर्ध्या गावाचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे पडलेले असतात. कुणाची भावांना न सांगता केलेली एफडी असते, कुणाच्या घटस्फोटातल्या फ्लॅटची किंमत असते. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याने भाग पाडल्यावाचून बाहेर गेली, तर १९४९ च्या सीए कायद्यानुसार ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. ‘मेल चुकून गेला’ हे उत्तर तिथे लंगडं पडतं.

आधी एक समजून घे. साधा मेल वाटेत उघडाच जातो, असं लोक अजून सांगतात. ते आता पुरतं खरं नाही. जीमेलसारखे सर्व्हर एकमेकांशी बोलताना टीएलएस वापरतात, म्हणजे तारेवरून जाणारा मजकूर कुलूपबंद असतो. समोरच्या सर्व्हरला ते जमत नसेल तर जीमेल लाल रंगाचं उघडं कुलूप दाखवतं. ते दिसलं तर आधार-पॅन पाठवू नकोस. पण टीएलएसने वाटेतल्या चोराचा बंदोबस्त होतो, मुक्कामाच्या ठिकाणच्या चोराचा नाही. मेल पोचला की तो तिथे उघडाच पडून राहतो. कंपनीचा मेल असेल तर तिथल्या आयटीवाल्याच्या हाताखाली, घरचा असेल तर मुलाच्या हातातल्या फोनवर. आणि झेरॉक्सवाला विसरू नकोस. प्रिंट काढायची म्हणून लोक त्याच्या दुकानाच्या जीमेलवर सगळं फॉरवर्ड करतात आणि ते तिथे वर्षानुवर्षं राहतं. मी सांगते आहे ते एन्क्रिप्शन या मुक्कामांसाठी आहे.

आता पासवर्डच्या पीडीएफबद्दल. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की पासवर्ड मागितला म्हणजे फाइल सुरक्षित. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव तर माहीतच असतं, उरलं साल. फार तर शंभर वेळा करून बघायचं. बऱ्याच स्टेटमेंटांना नुसती जन्मतारीख चालते. शंभर वर्षांच्या तारखा म्हणजे साधारण साडेछत्तीस हजार, आणि तेवढ्या तपासायला संगणकाला फारसा वेळ लागत नाही. तीन चुका झाल्या की खातं बंद, असा प्रकार डाउनलोड केलेल्या फाइलला नसतो. रिटर्नच्या पोचपावतीला लहान अक्षरांतला पॅन आणि जन्मतारीख लागते. ती जरा बरी, पण फाइलच्या नावातच बऱ्याचदा पॅन लिहिलेला असतो आणि त्याच मेलला आधारचा फोटो जोडलेला असतो, त्यावर जन्मतारीख. कुलपाला किल्ली अडकवूनच पाठवल्यासारखं झालं ते. सरकारने आणि बँकेने दिलेला पासवर्ड ही त्यांची सोय आहे. तुझ्या ऑफिसातून फाइल बाहेर जाताना तिला तुझा पासवर्ड हवा.

तो कसा असावा? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये एखादा आकडा. म्हण नको, अभंग नको, देवाचं नाव तर मुळीच नको. लोकांना पहिलं तेच सुचतं. क्लायंट साठीतला असेल तर त्याला फोनवर सांगता येईल असा ठेव, कारण तो तू मेलवर पाठवणार नाहीस. ‘पासवर्ड पुढच्या मेलमध्ये पाठवते’ ही आपल्या धंद्यातली सगळ्यात लाडकी चूक आहे. ज्याने पहिला मेल उघडला तो दुसरा उघडणार नाही, असं कुणी ठरवलं? फाइल मेलने आणि पासवर्ड फोनवर बोलून. नवीन पार्टी आली की पहिल्या भेटीतच एक शब्दमाला ठरवून टाक, म्हणजे ३१ जुलैच्या रात्री साडेअकराला फोनाफोनी नको.

एक्सेलबद्दल मुद्दाम सांगते, कारण तुझा निम्मा दिवस त्यातच जाणार. ‘प्रोटेक्ट शीट’ हे कुलूप नव्हे. त्याने कुणी चुकून फॉर्म्युला खोडू नये एवढंच होतं; आतला मजकूर कोणीही वाचतो आणि हे संरक्षण काढणंही अवघड नाही. फाइल मेन्यूतल्या ‘इन्फो’मध्ये ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ आणि त्याखाली ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ आहे, ते खरं. ‘सेव्हन-झिप’ने झिप करत असशील तर पद्धत बदलून एईएस-२५६ निवड, झिपसाठी आधीपासून निवडलेली ‘झिपक्रिप्टो’ जुनी आणि कच्ची आहे. शिवाय झिपमध्ये फाइलींची नावं बाहेरून वाचता येतात. ‘सेव्हन-झेड’ प्रकारात नावंही झाकायची खूण आहे, ती करत जा. काही कंपन्यांचे सर्व्हर पासवर्डची झिप आतच घेत नाहीत. तिथे पीडीएफ.

डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, घोळ तर जुन्या लोकांनाही सुटलेला नाही. यूएसबी टोकन लावून सही केली की मेल गुप्त झाला, असं समजणारे भागीदार मी पाहिलेत. सहीने फक्त एवढं सिद्ध होतं की मजकूर तुझा आहे आणि वाटेत बदललेला नाही. वाचता तो सगळ्यांना येतो. कुलपासाठी वेगळं एन्क्रिप्शन सर्टिफिकेट लागतं. ई-टेंडर भरणारे ठेकेदार सहीच्या जोडीला तेच घेतात. तसं सर्टिफिकेट घेतलंस तर एक पथ्य पाळ. दोन-तीन वर्षांनी मुदत संपली की नूतनीकरण करणारा पोरगा जुनं टोकन पुसून त्यावरच नवं चढवतो. सहीच्या बाबतीत बिघडत नाही. पण एन्क्रिप्शनची जुनी किल्ली पुसली गेली तर तिने बंद केलेलं काहीही पुन्हा उघडत नाही, आणि असेसमेंट उघडायला आयकर खात्याला कधी सुचेल ते सांगता येत नाही.

आता खरी चीज, मेल कुलूपबंद करणारी पीजीपी. फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ साली ती लोकांना फुकट देऊन टाकली. तेव्हा अमेरिकेत अशी प्रणाली युद्धसामग्रीत मोडायची, म्हणून निर्यातीचा नियम मोडल्याची चौकशी त्याच्यामागे लागली आणि १९९६ मध्ये खटला न भरताच ती बंद झाली. मधल्या काळात एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा कोड पुस्तकात छापला. पुस्तक देशाबाहेर न्यायला कोण अडवणार? सरकारी नियमातून अशी वाट काढणारा माणूस आपल्या व्यवसायात शोभला असता.

तिची युक्ती देवळातल्या दानपेटीची आहे. फट सगळ्यांसाठी उघडी, टाकेल त्याचं आत जाईल. पण पेटी उघडायची किल्ली एकट्या विश्वस्ताकडे. तुझी सार्वजनिक किल्ली म्हणजे ती फट, खुशाल कार्डावर छाप. खाजगी किल्ली कुणालाही द्यायची नाही, आर्टिकलला नाही, मलाही नाही. थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्रॅममध्ये ही सोय २०२० च्या ७८व्या आवृत्तीपासून आतच आलेली आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

पण भुलू नकोस. १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर या दोन अभ्यासकांनी बारा जणांना पीजीपी देऊन दीड तास बसवलं. फक्त एकतृतीयांश लोकांना नीट सही करून कुलूपबंद मेल पाठवता आला, आणि एकचतुर्थांश लोकांनी जे लपवायचं तेच उघडं पाठवून दिलं. २०१२ च्या डिसेंबरात, पुढे अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने ग्लेन ग्रीनवाल्डला गाठून पीजीपी बसवायचा आग्रह धरला; एवढा मुरलेला पत्रकार, त्याला ते तेव्हा जमलं नाही, आणि स्नोडेन लॉरा पॉइट्रस या माहितीपटकर्तीकडे वळला. तेव्हा प्रत्येक क्लायंटला पीजीपी शिकवायला निघू नकोस. दुसऱ्या शहरातला सहकारी सीए, मोठ्या खटल्यातला वकील, परदेशी क्लायंटचा तिथला अकाउंटंट, अशा रोजच्या चार-पाच लोकांशी जमव. बाकीच्यांना पासवर्डची पीडीएफ पुरे.

त्या चौघा-पाचांची किल्ली घेताना ती त्यांचीच आहे ना, हे फोनवर पडताळ. किल्लीच्या ठशाची चाळीस अक्षरं असतात, चार-चारच्या दहा गटांत. पलीकडच्याला वाचायला सांग आणि तू पडद्यावर बोट ठेवून जुळव. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात, पण बी, डी आणि ई फोनवर हमखास सारखी ऐकू येतात, म्हणून ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणायची लाज वाटू देऊ नकोस. आवाज ओळखीचा हवा, आणि नंबर त्याच मेलमधून घेतलेला नको.

पीजीपीने मेलचं पोट झाकलं जातं, कपाळ नाही. कुणी कुणाला कधी लिहिलं हे दिसतं, आणि विषयाची ओळही बहुधा उघडीच जाते. थंडरबर्डमध्ये ती झाकायची सोय आहे, पण पलीकडच्याच्या प्रोग्रॅमलाही ती कळावी लागते. विषयात ‘१४३(२) नोटिशीचं उत्तर’ आणि पार्टीचं नाव लिहिलंस, तर आतलं न वाचताही बाजारात बातमी पसरते. विषयात ऑफिसचा फाइल नंबर घाल, बस्स.

आणि ‘टू’च्या रकान्यात दोन अक्षरं टाकली की जीमेल आपल्याच मनाने नाव भरतं. एका कुलकर्णींचं दुसऱ्या कुलकर्णींना जातं. चुकीच्या माणसाच्या किल्लीने बंद केलेलं तो माणूस छान उघडून वाचतो. ‘अनडू सेंड’ची मुदत तीस सेकंदांवर नेऊन ठेव.

जीमेलच्या ‘कॉन्फिडेन्शियल मोड’वर भिस्त ठेवू नकोस. फॉरवर्ड आणि प्रिंट अडते, स्क्रीनशॉट अडत नाही, आणि मजकूर गूगलकडे राहतोच. कुणी हुशार क्लायंट ‘आता खात्याला काही कळणार नाही ना?’ असं विचारेल, त्याला चहा पाजून परत पाठव. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कुलूप उघडून मागू शकतं आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे.

शेवटचं राहिलं ते खाजगी किल्लीचं. लॅपटॉप बिघडला आणि दुसरी प्रत नसेल तर जगात कुणीही तुझे जुने मेल उघडू शकत नाही, किल्ली बनवणारा प्रोग्रॅमही नाही. म्हणून ज्या दिवशी किल्ली करशील त्याच दिवशी तिची पासवर्ड लावलेली प्रत पेनड्राइव्हवर घे आणि बँकेच्या लॉकरमध्ये टाक. किल्ली रद्द करायचं सर्टिफिकेटही तेव्हाच काढून कागदावर छापून घे. लॅपटॉप चोरीला गेल्यावर ते काढायला किल्लीच हाताशी नसते. पेनड्राइव्हचा पासवर्ड मात्र लॉकरात ठेवू नकोस. तो बंद पाकिटात घालून आईच्या कपाटात ठेव आणि तिला सांगून ठेव की हे माझ्याशिवाय कुणी मागितलं तर द्यायचं नाही.