अश्वत्थ : पूज्य की छेद्य ?

गीतेचा पंधरावा अध्याय पुष्कळ घरांतून मुलांना लहानपणीच मुखोद्गत होतो; श्लोक वीसच, आणि भोजनापूर्वी म्हणण्याचा प्रघात. एखादे चौकस मूल मात्र मध्येच विचारते, 'आजी ज्या पिंपळाला प्रदक्षिणा घालते, तो भगवंत तोडावयास का सांगतात ?' प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. दहाव्या अध्यायात सर्व वृक्षांमध्ये अश्वत्थ ही भगवंतांनी आपली विभूती म्हटली आहे, आणि येथे त्याच नावाचा वृक्ष छेदावयाचा ! अशा वेळी मुलास गप्प बसविल्यास केवळ घोकंपट्टी उरते.

त्याला पिंपळाखाली न्यावे. वारा जाणवत नसताही पाने कशी सळसळतात ते दाखवावे. उद्यापर्यंतही जो तसाच राहणार नाही तो अश्वत्थ, असा अर्थ श्रीशंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. मूळ वर आणि शाखा खाली असे झाड रानात कोठेच नसते, हे मूलही जाणते. तो वृक्ष म्हणजे संसार; त्यावर चालवावयाचे शस्त्र लोखंडाचे नव्हे, असंगाचे. आवडते खेळणे मोडले तरी त्यापायी दिवस न नासणे, इतपत असंग त्यास समजतो. (थोरांना तेवढाही साधत नाही, हे निराळे.) पारावरचा पिंपळ पूज्यच आहे, येत्या शनिवारी आजीबरोबर त्यानेही प्रदक्षिणा घालावी.