बेरीज कुठे शून्य करायची? : लूपमधल्या लूपचा धडा

समजा मंगरूळपीरमधल्या आपल्या शाळेच्या गच्चीवर तापमान मोजणारा सेन्सर बसवला आहे. तो दिवसातून चार वेळा नोंद घेतो. आपल्याला रोजची सरासरी हवी आणि सगळ्या दिवसांची मिळून एक. यासाठी आपण लॅबव्ह्यू वापरू. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने 1986 मध्ये आणलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहायचा नसतो, चौकटी मांडून वायरने जोडायचा असतो.

बाहेरचा फॉर लूप दिवस मोजतो, आतला त्या दिवसाच्या नोंदी. नोंदींचा तक्ता वायरने बाहेरच्या लूपला जोडला की तो एकेक ओळ आत देतो, आणि आतला लूप त्या ओळीतला एकेक आकडा घेतो. चालू बेरीज पुढच्या फेरीला नेण्यासाठी आतल्या लूपच्या कडेला शिफ्ट रजिस्टर लावायचं.

आता आकडे घेऊ (समजण्यासाठी घेतलेले आहेत, खरे नाहीत). पहिला दिवस: 28, 33, 36, 31. बेरीज 128, सरासरी 32. दुसरा दिवस: 27, 32, 35, 30. बेरीज 124, सरासरी 31. पण प्रोग्राम चालवल्यावर दुसऱ्या दिवसाची सरासरी 63 अंश येते! विदर्भातला मे महिना कितीही तापला तरी एवढा नाही.

झालं काय? शिफ्ट रजिस्टरच्या डाव्या टोकाला काहीच जोडलं नव्हतं. अशा वेळी ते मागची किंमत धरून ठेवतं. म्हणून दुसरा दिवस 128 पासून सुरू झाला, बेरीज 252 झाली, भागिले 4 म्हणजे 63. पहिला दिवस बरोबर आल्यामुळे ही चूक पटकन सापडत नाही, हे लक्षात ठेवा. उपाय सोपा आहे: डाव्या टोकाला 0 जोडा. हा शून्य आतल्या लूपच्या बाहेर, पण बाहेरच्या लूपच्या आत ठेवा, म्हणजे कोणत्या बेरजेचा तो आरंभ आहे हे बघणाऱ्याला चटकन दिसतं.

आणखी एक. भागताना i वापरू नका. तो 0 पासून मोजतो, शेवटच्या फेरीत 3 असतो. N वापरा.

पण N सुद्धा नेहमी चालत नाही. तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि दुपारच्या दोनच नोंदी मिळाल्या: 34 आणि 38. तक्त्यात सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात, म्हणून रिकाम्या जागी 0 येतो. मग 72 भागिले 4, म्हणजे 18 अंश! तापमानात हे खटकतं तरी. पावसाच्या तक्त्यात तोच 0 'पाऊस पडला नाही' असा वाचला जाईल आणि कुणाला शंकाही येणार नाही. म्हणून न मिळालेल्या नोंदीला -999 लिहा. आतल्या लूपमध्ये केस स्ट्रक्चर ठेवा, आणि दुसरं शिफ्ट रजिस्टर घेऊन फक्त खऱ्या नोंदी मोजा. त्यालाही 0 जोडायचा, विसरू नका.

आता तिन्ही दिवसांची सरासरी काढू. 32, 31 आणि 36 यांची सरासरी 33 येते. सगळी बेरीज 324 भागिले 10 नोंदी केली तर 32.4. कोणती घ्यायची? तिसऱ्या दिवसाची सकाळ आणि रात्र हरवली आहे, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे जास्तच तापलेले आहेत. मी स्वतः तिसरा दिवस वगळून 31.5 लिहीन, आणि शेजारी 'दोन दिवस, 8 नोंदी' असंही लिहीन.

घरचा अभ्यास: याच सांगाड्यात तापमानाऐवजी पाऊस घ्या. पावसाची रोजची बेरीज लागते, सरासरी नाही. आणि हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, रात्री बाराला नाही. मग तक्त्याची ओळ कुठे तोडाल?