टीबीच्या औषध-चाचणीत खाड्याचे पैसे कोण देणार?

‘नव्या गोळ्यांची चाचणी चालू आहे, भाग घेता का?’ असं टीबीच्या रुग्णाला विचारलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: किती लागतील? औषधाचे काही नाहीत, चाचणीसाठी होणाऱ्या तपासण्यांचेही नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडचा, संशोधनापायी होणारा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही. कुणी ‘नोंदणी फी’ मागितली तर तिथूनच उठावं.

मात्र फुकट औषधासाठी चाचणीत शिरू नका. टीबीची नेहमीची औषधं सरकारी केंद्रात फुकटच आहेत, शिवाय निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). चाचणीत जायचं ते नवा उपचार मिळेल म्हणून. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या एमडीआर टीबीवरच्या ज्या सहा महिन्यांच्या बीपाल्म उपचाराला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, तो अशाच चाचण्यांतून आला.

पदरमोड होते ती हेलपाट्यांत. बीपाल्ममधल्या बेडाक्विलिन या औषधामुळे हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी. त्यातल्याच लिनेझोलिडने रक्त कमी होऊ शकतं, पायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी, तीही पुन्हा पुन्हा. औषध रक्तात किती वेळ टिकतं हे मोजायचं असेल तर ठरावीक तासांनी रक्त घेतात. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी सुटतो. गोळ्या संपल्यावरही बऱ्याच चाचण्यांत पुढे कित्येक महिने बोलावणं येतं. समजा रोजी ६०० रुपये आणि सुरुवातीला आठ फेऱ्या: नुसत्या खाड्यांचेच ४,८०० गेले. सोबत येणाऱ्याचा खाडा वेगळा.

खाड्याचे आणि प्रवासाचे हे पैसे चाचणी घेणाऱ्यांना देता येतात. रक्कम एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनावर नजर ठेवणारी नीतिमत्ता समिती, मंजूर करते. फार मोठी ठेवली तर ते आमिष ठरतं, त्यामुळे घासाघीस करून ती वाढत नाही. पण विचारायला लाजू नका. सही करण्याआधी माहितीपत्रकातला पैशांचा मजकूर वाचून घ्या: फेरीला किती, रोख की खात्यात, सोबत्याचं काय, चाचणी मध्येच सोडली तर तोवरचे मिळतील का. ‘बघू नंतर’ एवढंच उत्तर आलं तर सही थांबवा. चाचणी केव्हाही सोडण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

चाचणीत इजा झाली तर औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे उपचार मोफत व्हायला हवेत. ते गरज असेपर्यंत, किंवा इजा चाचणीमुळे झालेली नाही असं ठरेपर्यंत चालू राहतात. इजा चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाई वेगळी. आधीपासूनच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र बहुधा तुमच्याच खर्चाने, तेही विचारून घ्या.

संमतीपत्राची प्रत मागून घ्या आणि सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक टिपून ठेवा. त्यावरून चाचणी खरोखर नोंदलेली आहे का, ते इंटरनेटवर फुकट पाहता येतं. आणि एक बारीक गोष्ट: प्रवासाचे पैसे पावतीवर देणार की ठरलेली रक्कम? शेअर रिक्षावाला पावती देत नाही.