दंतसेवेचे फिरते पथक : एक अभ्यास

आपल्या रुग्णालयाने भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि पलीकडे शहापूर-वाड्याच्या पाड्यांवर दंतचिकित्सेची शिबिरे भरवावीत, अशी सूचना अनेक देणगीदारांकडून येत असते. सूचना स्तुत्य आहे. तथापि विश्वस्त मंडळापुढे खर्चाचे अंदाजपत्रक ठेवण्यापूर्वी या सेवेचा पूर्वेतिहास तपासणे इष्ट वाटल्याने हे टिपण सादर करीत आहे.

परदेशातील दुर्गम खेड्यांत जाऊन दात काढण्याची ख्रिस्ती मिशनऱ्यांची परंपरा जुनी आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कॅनडाचे जॉर्ज लेस्ली मॅके. ते १८७१ च्या अखेरीस फॉर्मोसा, म्हणजे आजच्या तैवान बेटावर उतरले. ते धर्मोपदेशक होते, दंतवैद्य नव्हते. १८७३ मध्ये एका सैनिकाची दाढ ठणकत होती. जवळ चिमटा नव्हता, म्हणून मॅके यांनी कठीण लाकडाचा तुकडा तासून त्याने ती काढली. पुढे स्थानिक लोहाराकडून हत्यारे घडवून घेतली, नंतर न्यूयॉर्कहून उत्तम साधने आली. देवळाच्या दगडी पायऱ्यांवर रुग्ण उभा राही, दात निघे आणि तो लगेच रुग्णाच्याच तळहातावर ठेवला जाई. कारण परक्याने दात स्वतःजवळ ठेवला तर लोकांना संशय येई. काळ्या डोक्याचा किडा दात कुरतडतो, अशी तेथील समजूत होती. आपणही ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतो, हे येथे सहज आठवले.

दंतसेवेमुळे लोकांचा विरोध मावळला आणि धर्मप्रसाराचा मार्ग मोकळा झाला, हे मॅके यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. स्वतःच्या हातांनी २१,००० हून अधिक दात काढल्याचा आकडाही त्यांनी दिला आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाला प्रश्न पडतो की, ही रक्कम जमेस धरावी की नावे टाकावी? निघालेला दात म्हणजे गेलेले भांडवल. त्या काळी दुसरा उपाय खेड्यात नव्हता, त्यामुळे मॅके यांना दोष देता येत नाही. शिवाय ते १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच बेटावर कार्यरत राहिले. जखम चिघळली तर रुग्णाला दार ठोठावता येत होते. आपल्याकडे मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वानलेस हेही कॅनडात जन्मलेले मिशनरीच. त्यांच्या सेवेचे बळही कायमच्या वास्तूत होते.

आजची परदेशी दंतपथके बहुधा आठ-पंधरा दिवसांसाठी जातात. येथेच खरी अडचण आहे. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. ती निसटली तर हाड उघडे पडून दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असह्य कळा सुरू होतात, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. तोपर्यंत मंडप उतरलेला असतो. मधुमेही रुग्ण किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा रुग्ण असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो.

दुसरी बाब निर्जंतुकीकरणाची. हत्यारे नुसती उकळल्याने सर्व जंतू मरत नाहीत. दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. वीज नसल्यास कुकराच्या धर्तीचे यंत्र गॅसवर चालते. तापणे आणि थंड होणे धरून एका फेरीस सुमारे तास जातो. म्हणजे हत्यारांचे १० संच असतील तर तासाला १० रुग्ण, अधिक नाही. शिबिराची क्षमता चिमट्यांच्या संख्येवर ठरते, रांगेच्या लांबीवर नव्हे. देणगीदारांनी खुर्ची देण्याऐवजी संच दिले तर अधिक उपयोग होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

दात वाचविण्याचा मार्गही आता उपलब्ध आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात अशी पद्धत विकसित झाली की, जिच्यात वीज आणि ड्रिल न वापरता केवळ हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून काढतात व ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. शाळकरी मुलांच्या लहान पोकळ्यांसाठी ती विशेष उपयुक्त आहे. पू झालेल्या दातास मात्र ती चालत नाही.

भिवंडीपुरता आणखी एक विषय आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार झोप उडविण्यासाठी तंबाखू किंवा गुटखा तोंडात धरतो. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी सवय सुटलेली नाही. गावांकडे स्त्रिया मिश्री लावतात. म्हणून शिबिरात प्रत्येकाचे तोंड आतून पाहिलेच पाहिजे. कुटुंबीयांनीही घरी पाहावे : तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, पांढरा वा लाल चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दुखण्याची वाट पाहू नये. आरंभीचा कर्करोग अनेकदा दुखत नाही.

दाढ काढलेल्या रुग्णाने कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरावा, पहिले २४ तास चूळ भरू नये, तंबाखू टाळावी. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलके खळखळावे.

या सर्व विचाराअंती मंडळास विनंती की, शिबिरास मंजुरी देताना त्याच गावी चौथ्या दिवशीच्या फेरतपासणीचा वाहनखर्च व दंतवैद्याचे मानधन त्याच ठरावात धरावे. त्यामुळे गावांची संख्या निम्मी झाली तरी चालेल. तसेच पुढील अहवालात काढलेल्या, भरलेल्या आणि फेरतपासणी झालेल्या दातांचे तीन स्वतंत्र रकाने छापण्यास अनुमती असावी.