सड्यावरील पांढऱ्या पट्ट्यांची पाल

कोंकणांत ज्यांच्या मालकीचा कातळसडा आहे, त्यांस आंबा-काजूच्या लागवडीकरितां तो फोडावासा वाटणें साहजिक आहे. परंतु सुरुंग लावण्यापूर्वीं तेथें कोण राहतें, हें जमीनमालकास ठाऊक असावें, म्हणून हा पाठ देत आहों.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक लहान निशाचर पाल आढळते. डोर्ले (जि. रत्नागिरी) येथील नमुन्यांवरून ग्रँडिसन व सोमण यांनीं इ. स. १९६३ मध्यें तिचें प्रथम वर्णन केलें. तिचें शास्त्रीय नांव हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'पांढऱ्या पट्ट्यांची'. घरांतील पालीप्रमाणें ती भिंतींवर वावरत नाहीं. तिचा सर्व व्यवहार जमिनीवरच चालतो. दिवसा ती सुट्या दगडाखालीं बसते व रात्रीं बाहेर पडून लहान किडे टिपते.

सुटा दगड हेंच तिचें घर होय. पालीस स्वतःच्या शरीराची उष्णता राखतां येत नाहीं. उन्हाळ्यांत उघडा कातळ तापतो, तेव्हां दगडाखालील सावली व गारवा यांवरच तिचें जीवन अवलंबून असतें. सबब सडा फोडून मातीनें भरला, किंवा सारे दगड वेंचून गडग्यास लावले, म्हणजे ती निराश्रित होते. तिची वस्ती कोंकणपट्टीपुरतीच असल्यामुळें येथून ती गेली तर अन्यत्र उरणार नाहीं.

तिच्या अंगावरील नक्षी सर्पासारखी दिसते, व पाल विषारी असल्याचा समजहि सर्वत्र आहे. हा समज खोटा आहे. कोणतीच पाल विषारी नाहीं. मात्र फुरसेंहि अशाच दगडाखालीं दडतें व तें प्राणघातक आहे. यास्तव दगडाखालीं हात घालूं नये. तो काठीनें उलटावा.

ही पाल पिकांची कीड नाहींशी करील, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, लागवड करितांना सड्याचा एक सलग भाग न फोडतां राखावा, तेथील सुटे दगड हलवूं नयेत, व उलटलेला दगड पुन्हां पूर्ववत् ठेवावा. पावसाचें पाणी सच्छिद्र जांभ्यांत मुरून खालच्या झऱ्यांस व विहिरींस मिळतें. तेव्हां राखलेला सडा केवळ पालीच्याच नव्हे, तर मालकाच्याहि उपयोगीं पडेल.