इंग्रजी वाक्यातील कर्त्याचा शोध : स्पर्धा परीक्षार्थींसाठी एक पाठ

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेचा पहिला टप्पा सध्या एका तासाचा आहे. १०० प्रश्न, २०० गुण. त्यांपैकी २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, इंग्रजीचे. चुकीच्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण वजा होतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेतही मराठीच्या जोडीने इंग्रजी आहेच. याउलट रेल्वे भरती मंडळाच्या एनटीपीसी परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या वस्त्यांतील आपली बरीच मुले तेवढाच एक अर्ज भरून थांबतात. गणित पक्के असते, बुद्धिमत्ता चाचणीत हात चालतो, तरीही इंग्रजीच्या धास्तीने केंद्र सरकारच्या कितीतरी पदांकडे ती पाहतही नाहीत. ही धास्ती कमी व्हावी या हेतूने हा पाठ लिहिला आहे. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. इंग्रजी लिपी न वाचणाऱ्या आई-वडिलांनाही ती वाचून मुलांची तयारी घेता यावी.

‘इंग्रजी सुधारायचे तर इंग्रजीतच विचार करा’ असा उपदेश शिकवणी वर्गांत सर्रास ऐकू येतो. मराठी माध्यमात दहा वर्षे काढलेल्या मुलाला हा उपदेश निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या भाषेत तो स्वप्ने पाहतो, ती बाजूला ठेवण्यास सांगितले की त्याच्या हाती काहीच उरत नाही. आपल्या परंपरेतही याला आधार आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा येते की, दोन भिक्खू बंधूंनी बुद्धवचने छंदस भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्यास संमती दिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्याही मराठी वाक्य समोर ठेवूनच शिकल्या. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीतून काढले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. एका भाषेवरील पकड दुसरीच्या आड आली नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. चूक शोधण्याच्या प्रश्नांत सर्वाधिक फसवणूक होते ती कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाबाबत. हे वाक्य पाहा : ‘द क्राउड इन द ट्रेन्स फ्रॉम बदलापूर आर ग्रोइंग.’ घाईत वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, कारण ‘ट्रेन्स’ अनेकवचनी आहे आणि ‘आर’ही अनेकवचनी आहे. पण हेच मराठीत म्हणून पाहा : ‘बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांमधील गर्दी वाढत आहेत.’ चौथीतले मूलही हसेल. वाढते ती गर्दी. म्हणून ‘वाढत आहे’, आणि म्हणून ‘इज ग्रोइंग’.

मराठीत ही चूक का होत नाही, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ज्या नामाशी त्याचा मेळ बसवायचा ते नाम बहुधा त्याच्या जवळच असते. शिवाय ‘गाड्यांमधील’ या शब्दात ‘गाडी’चे सामान्यरूप झालेले आहे. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागून ज्या नामाचे सामान्यरूप झाले, ते क्रियापदावर सत्ता चालवू शकत नाही. ‘रमाने चिठ्ठी लिहिली, रमाने पत्र लिहिले’ यात रमाला ‘ने’ लागला, तशी क्रियापदाची सूत्रे चिठ्ठीकडे आणि पत्राकडे गेली. इंग्रजीत नामाचे सामान्यरूप होत नाही. तिथे ‘इन’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘विथ’ असा शब्द नामाच्या पुढे उभा राहतो आणि तेच काम करतो. यावरून एक भरवशाचा नियम मिळतो : अशा शब्दाच्या मागोमाग आलेले नाम त्या क्रियापदाचा कर्ता नसते. ते डोळ्यांनी झाकावे आणि उरलेल्या वाक्यात कर्ता शोधावा.

या नियमाने किती प्रश्न सुटतात ते पाहा. ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कॅन्डिडेट्स’ पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’? ‘ऑफ’ नंतरचे उमेदवार झाका. उरते यादी, म्हणून ‘हॅज’. ‘द वॉर्डन, अलाँग विथ द बॉइज’ पुढे ‘इज गोइंग’, कारण ‘मुलांसह’ यात मुलांचे सामान्यरूप झाले आहे. ‘वन ऑफ माय अंकल्स वर्क्स इन द ऑर्डनन्स फॅक्टरी’ हे वाक्य अंबरनाथच्या मुलांनी पाठच करावे, कारण त्यात दोन चुकांची जागा आहे. ‘माझा एक काका’ असे मनात म्हटले की ‘वन ऑफ माय अंकल’ अशी चूक होते. त्याऐवजी ‘माझ्या काकांपैकी एक’ असे म्हणा. म्हणजे ‘अंकल्स’ अनेकवचनी आणि ‘वर्क्स’ एकवचनी, दोन्ही आपोआप जुळतात.

नियमाला अपवाद आहेत. ‘अ लॉट ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘अ नंबर ऑफ’ हे प्रमाण सांगणारे शब्द आहेत. तिथे ‘ऑफ’ नंतरचेच नाम वचन ठरवते. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव कम’, परंतु ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड’. हा भेद अवघड म्हणून गाजलेला असला, तरी मराठी करून पाहिले तर पहिले वाक्य ‘अनेक विद्यार्थी आले आहेत’ असे होते आणि दुसरे ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे’ असे. अवघडपणा तिथेच संपतो.

मात्र मराठी सर्वत्र साथ देते असे नाही. जिथे ती चकवते त्या जागा ओळखून ठेवल्या पाहिजेत. पहिली जागा आदरार्थी बहुवचनाची. ‘आमचे गुरुजी अंबरनाथहून येतात’ यात गुरुजी एकच, पण क्रियापद अनेकवचनी. या सवयीने मुले ‘आवर टीचर कम’ असे लिहितात. ‘बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते’ याचे ‘बाबासाहेब वेअर स्टडिंग’ असे भाषांतर करतात. इंग्रजी क्रियापदात आदर दाखवण्याची सोयच नाही. ‘वॉज स्टडिंग’ लिहिल्याने आदर उणावत नाही, हे लहान मुलांना समजावून सांगावे लागते.

दुसरी जागा काळाची. मराठीतील ‘पासून’ हा एकच शब्द इंग्रजीत दोन वाटांनी जातो. ‘२०१९पासून’ यात आरंभाचा बिंदू आहे, तिथे ‘सिन्स’. ‘पाच वर्षांपासून’ यात कालावधीची लांबी आहे, तिथे ‘फॉर’. शिवाय ‘मी पाच वर्षांपासून बदलापूरला राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात चालते, इंग्रजीत चालत नाही. तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन बदलापूर फॉर फाइव्ह इयर्स’ असेच म्हणावे लागते. उलट ‘मी २०१५ साली दहावी उत्तीर्ण झालो आहे’ असे आपण सहज बोलतो. इंग्रजीत साल सांगितले की ‘हॅव’ गेला. ‘आय पास्ड इन २०१५.’ बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेही ‘पास्ड’, ‘हॅज पास्ड’ नव्हे.

तिसरी जागा जोडीने येणाऱ्या अव्ययांची. ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ येणारच, हा मराठीचा स्वभाव. इंग्रजीत ‘ऑलदो’ आले की पुढे ‘बट’ नको. त्याचप्रमाणे ‘बिकॉज’ने आरंभ केल्यावर पुढच्या भागात ‘सो’ नको. इंग्रजी एका सांध्याला एकच खिळा ठोकते. उल्हासनगरातील मुलांच्या कानांवर मराठीबरोबर हिंदी आणि सिंधीही पडते, पण त्या भाषांतही क्रियापद शेवटी आणि शब्दयोगी अव्यय नामानंतरच येते. त्यामुळे या चुका तीन भाषा येणाऱ्या मुलाच्याही होतात. हा त्याच्या बुद्धीचा दोष मानू नये.

‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘त्याच्यापेक्षा ज्येष्ठ’ म्हणून ‘सीनियर दॅन’ अशा चुका सर्वपरिचित आहेत. ‘डिस्कस’नंतर थेट विषय येतो आणि ‘सीनियर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो. हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

‘कर्मणी’ या शब्दाविषयी मात्र एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘रमाने पत्र लिहिले’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, म्हणून तो इंग्रजीत ‘पॅसिव्ह’ करावा, असा समज आढळतो. तसे नाही. त्याचे सरळ भाषांतर ‘रमा रोट अ लेटर’ असेच आहे. ‘पत्र लिहिले गेले’, ‘पत्र लिहिण्यात आले’ अशी रचना असेल तरच ‘वॉज रिटन’. आयोगाच्या मराठीच्या प्रश्नांसाठी प्रयोग शिकावे लागतातच. ते नीट शिकलेल्याला इंग्रजीचा हा भाग जवळजवळ फुकट मिळतो.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत तर देवनागरी लिपीच आपल्या मदतीला येते. इंग्रजी स्पेलिंग पाहून मुले गोंधळतात, कारण नियम उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, आरंभी स्वर, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’त आरंभी ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन रुपी नोट’ला ‘अ’, ‘एमएलए’ला ‘ॲन’. ‘द’चा वापर मात्र लिपीने सुटत नाही, तिथे ओळख महत्त्वाची. ‘देअर इज ॲन ओल्ड टेंपल इन अंबरनाथ. द टेंपल हॅज ॲन इन्स्क्रिप्शन डेटेड १०६०.’ पहिल्या वाक्यात मंदिराचा परिचय होतो, दुसऱ्यात ते परिचित झालेले असते.

पालकांनी काय करावे? रोज संध्याकाळी मुलाला इंग्रजी वृत्तपत्रातील एक वाक्य मोठ्याने वाचायला लावावे आणि मराठीत दोनच प्रश्न विचारावेत : ‘यात कोणाबद्दल सांगितले आहे?’ आणि ‘त्याचे काय झाले?’ मूल अडखळले, तर कर्ता सापडलेला नाही हे इंग्रजी न येणाऱ्या आईलाही कळते. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एखादा रविवार आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर याच रीतीने घालवावा.

सरावासाठी पुढील वाक्ये तपासावीत. ‘द रिझल्ट्स ऑफ द एक्झामिनेशन हॅज बीन डिक्लेअर्ड.’ ‘ही इज वेटिंग फॉर द ट्रेन सिन्स टू अवर्स.’ ‘ऑलदो शी वॉज इल, बट शी अपिअर्ड फॉर द टेस्ट.’ ‘द नंबर ऑफ सीट्स इज लिमिटेड.’ पहिल्यात ‘हॅव बीन’ हवे. दुसऱ्यात ‘हॅज बीन वेटिंग’ आणि ‘फॉर टू अवर्स’ हवे. तिसऱ्यातील ‘बट’ काढावा. चौथे वाक्य निर्दोष आहे. परीक्षेत ‘नो एरर’ हाही एक पर्याय असतो.