कंपोस्टच्या ढिगात काय नको

अंगणाच्या कोपऱ्यात विटांच्या आडोशाला असलेला माझा कंपोस्टचा ढीग कमरेएवढाही उंच नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग एका दमात रचला, वेळच्या वेळी वरखाली केला, तर तो ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि तणाचं बी, रोगाचे जंतू बहुतेक मरतात. रोजच्या भाजीच्या देठांनी, सालींनी हळूहळू वाढणारा घरचा ढीग तेवढा तापत नाही. शेतावर चालतं ते घरी चालेलच असं नाही.

१. गाजरगवत फुलायच्या आधी उपटलं तर ढिगात खुशाल घालावं, त्याचं खत उत्तम होतं. पांढरी फुलं दिसली की मात्र नाही. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. हातमोजे घालूनच उपटावं, कित्येकांना त्याने अंगाला खाज सुटते.

२. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या कांड्या ढिगाच्या ओलाव्यात मरत नाहीत, उलट फुटतात. मग तेच खत वाफ्यात पसरलं की आपल्याच हाताने तणाची लागवड होते. माती झटकून गच्चीवरच्या उन्हात त्या पार कडकडीत वाळवाव्यात. मोडल्यावर कट्कन तुटल्या, तरच ढिगात.

३. रोगट झाडांचा सरसकट बाऊ करू नये. भेंडीवर केवडा पडला, पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या, तरी ते झाड ढिगात चालतं. तो विषाणू पांढरी माशी जिवंत झाडावरून पसरवते, कुजलेल्या पाल्यातून तो येत नाही. पण टोमॅटो किंवा वांग्याचं उभं झाड मर लागून वाळलं, किंवा मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या, तर ते मुळासकट बाहेर काढावं. हे रोग मातीतून येतात आणि मातीतच टिकतात.

४. मासळी, मटण, हाडं, दूध, तेलकट उष्टं यांचा वास सुटतो आणि त्यामागे उंदीर-घुशी येतात. एकदा घुशीने ढिगाखाली बीळ केलं की ती भिंतीच्या पायापर्यंत उकरते. माशांची खवलं आणि कोळंबीची सालं नारळाच्या आळ्यात हातभर खोल पुरावीत, झाड ती आनंदाने घेतं. लोणच्याचा खार मात्र कुठल्याच मातीत नको.

५. निर्माल्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं. देवाला वाहिलेलं फूल नदीत सोडण्यापेक्षा मातीत जावं, हे मी मनापासून मानते. झेंडू, शेवंती, तुळस, बेल, गणपतीतल्या पत्री, सगळं छान कुजतं. पण हार तसाच टाकू नये. आजकाल बरेच हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असतात, मध्ये जरीचे गोंडे, थर्माकोलचे मणी, चंदेरी रंग मारलेली पानं. हा दोरा कुजत नाही, कुदळीला गुंडाळला जातो आणि त्याचे तुकडे वर्षानुवर्षं वाफ्यात सापडत राहतात. संध्याकाळी पाच मिनिटं बसून फुलं सोडवावीत, आमच्याकडे हे काम मुलं आवडीने करतात. दूर्वांचे कोवळे तुरे चालतात, मात्र खाली कांडी आली असेल तर ती हरळीच, तिला वरचाच नियम. प्लास्टरच्या मूर्तीचे तुकडे आणि रंग ढिगात नकोतच.

६. कुत्र्यामांजरांची विष्ठा कधीच नाही. तिच्यातल्या जंतांची आणि परजीवींची अंडी घरच्या ढिगाच्या उबेत तग धरतात. कोथिंबीर-मुळा कच्चा खाणाऱ्या घरात हा धोका पत्करू नये. मांजराच्या विष्ठेतला परजीवी गरोदर बाईच्या बाळालाही घातक ठरू शकतो.

७. फळांवरचे स्टिकर, चकचकीत कागद, प्लायवूडचा भुसा, दगडी कोळशाची राख बाहेर. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्याही बाहेर. त्या मोठ्या प्रकल्पाच्या उष्णतेत विरतात, घरच्या ढिगात तशाच राहतात.

८. काही गोष्टी मात्र लोक उगाच दूर ठेवतात. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं थोडी थोडी घातली तर ढिगाचं काही बिघडत नाही. ती टाळायची गांडुळांच्या वाफ्यात. अंड्याची कवचं चुरून घालावीत. आंब्याची कोय रुजली तर उपटून तिथेच आडवी टाकावी. नारळाची करवंटी तेवढी बंबात जाऊ द्यावी.